माग का थांबला? क्षणभराची नोंद बारा तासांची कशी झाली

ग्रे कापड घेताना आपण व्यापारी लोक ताका टेबलावर उलगडतो, हात फिरवतो आणि भाव करतो. पण काही दोष हाताला लागत नाहीत. माग चालता चालता थांबला आणि पुन्हा सुरू केला की त्या जागी बाण्याची दाटी किंचित बदलते. कोऱ्या कापडात ते सहसा कळत नाही. कापड रंगून आले की मात्र आडवी पट्टी उठून दिसते, आणि मग रंगारी, कारखानदार व व्यापारी यांच्यात तकरार सुरू होते. पट्टी कोणाच्या खात्यावर टाकायची? बहुतेक वेळा ती खाली खाली सरकत शेवटी विणकराच्या मजुरीतून कापली जाते. ज्याच्या हातात काही नसते त्याच्यावर खापर फोडणे सोपे असते.

२०२४ च्या उन्हाळ्यात मीही हेच केले, म्हणून ही हकीकत लिहीत आहे.

भिवंडीत मी ज्या कारखान्यातून मजुरीवर कापड विणून घेतो तेथे बाहेरदेशातून आलेले जुने रॅपिअर माग आहेत. त्यांतला ७ नंबरचा माग दिवसपाळीत सात-आठ वेळा थांबू लागला. दर वेळी पॅनेलवर ‘बाणा तुटला’ हा दिवा लागे, आणि जाऊन पाहावे तर धागा शाबूत. रात्रपाळीत तोच माग फार तर एकदा थांबे. माग एक, सूत एक, बीम एक, फरक फक्त माणसाचा. त्यामुळे दिवसपाळीचा विणकर निष्काळजी आहे असा निकाल सर्वांनी मनातल्या मनात लावून टाकला. मी अकरा ताक्यांवर कपात केली. कारखानदाराने ती विणकराकडे सरकवली. तो एवढेच म्हणाला, “शेठ, धागा तुटत नाही. माग खोटं बोलतोय.” जॉबरने सेन्सर बदलला, नंतर कंट्रोलचे कार्डही बदलून पाहिले. फरक पडला नाही.

माझा भाचा मागांची इलेक्ट्रॉनिक कार्डे दुरुस्त करतो. तो म्हणाला, “मामू, माग खोटं बोलतो की खरं, ते त्याच्या तारांनाच विचारू या.” आणि त्याने आपली घरी बनवलेली डबी आणली. तिला लॉजिक अॅनालायझर म्हणतात.

वाचकहो, नाव अवघड असले तरी काम सोपे आहे. आजच्या मागावर बऱ्याच तारा फक्त दोनच गोष्टी सांगतात, ‘आहे’ किंवा ‘नाही’. धागा आहे की नाही, शाफ्ट अमुक कोनात आला की नाही, ब्रेक लागला की नाही. मल्टीमीटरचा काटा हे बदल पाहण्यास फार सुस्त असतो. लॉजिक अॅनालायझर अशा आठ-दहा तारांकडे एकाच वेळी पाहतो आणि कोणती तार कोणत्या क्षणी बदलली ते लिहून ठेवतो. एचपी कंपनीने १९७३ मध्ये ५०००ए नावाचे असे यंत्र विकायला काढले, त्यात निकाल दिव्यांच्या ओळींवर दिसत असे. त्यानंतर बराच काळ ही यंत्रे प्रयोगशाळांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्याच आवाक्यात राहिली. भाच्याची डबी रास्पबेरी पाय पिको नावाच्या पट्टीवर बनवली आहे. ही पट्टी २०२१ मध्ये ४ डॉलरला बाजारात आली. तिच्यावरील आरपी२०४० या चिपमध्ये २६४ किलोबाइट स्मरणशक्ती आणि तारा ठरावीक वेगाने वाचण्यासाठी खास सोय आहे.

आता अडचण कोठे आली ते पाहा. डबी सेकंदाला १० लाख वेळा आठ तारा बघत होती. आठ तारांचे एक दर्शन म्हणजे एक बाइट. प्रोग्रामचा स्वतःचा खर्च वजा जाता सुमारे २ लाख बाइट नोंदीसाठी उरत. म्हणजे ०.२ सेकंदात वही भरली! हा माग मिनिटाला २४० पिक टाकतो, म्हणजे एका पिकाला पाव सेकंद लागतो. मागाचा एक फेराही पुरा होत नव्हता. माग बारा तासांत १,७२,८०० फेरे करणार, त्यांतल्या सात-आठ फेऱ्यांत दोष येणार, आणि आमच्याकडे पाहायला एका फेऱ्याहून कमी वेळ. पोलिसाने चोर पकडायला रात्रभरात एकदाच पापणी उघडावी तसा हा प्रकार.

पहिला विचार कोणालाही सुचेल तो. पाहण्याचा वेग कमी करा. सेकंदाला १ लाख वेळा पाहिले तर २ सेकंद मिळतात, १० हजार वेळा पाहिले तर २० सेकंद. तारा कमी केल्या तरी फायदा होतो, आठाच्या ऐवजी चारच घेतल्या तर एका बाइटमध्ये दोन दर्शने बसतात आणि वेळ दुप्पट होतो. पण वेग कमी करण्यात धोका आहे. दोन नजरांच्या मध्ये एखादा झटका येऊन गेला तर तो आपल्या वहीत कधीच आला नाही असे होते, आणि खोटे थांबे बहुधा अशा झटक्यांनीच होतात. शोधायची गोष्ट केवढी आहे हे माहीत नसताना चाळणीची भोके मोठी करून कसे चालेल? भाचा सेकंदाला १ लाखाच्या खाली उतरायला तयार झाला नाही. (पुढे कळले की आमच्या दोषाला १० हजारही पुरले असते. पण हे शहाणपण नंतरचे.)

दुसरा विचार व्यापाऱ्याचा, म्हणजे माझा. म्हटले, मोठी मेमरी विकत घे, पैसे मी देतो. त्याने तेथेच हिशेब करून दाखवला. २०२४ मध्येच निघालेल्या पिको २ मध्ये ५२० किलोबाइट आहेत, म्हणजे दुपटीलाही थोडे कमी. बाहेरून ८ मेगाबाइटची चिप जोडली तर १० लाखांच्या वेगाने आठ सेकंद, १ लाखाच्या वेगाने दीड मिनिटाच्या आत. पूर्ण पाळीची नोंद या रीतीने करायची तर १ लाखाच्या वेगानेही ४३२ कोटी बाइट लागतील. बाजारात यूएसबीच्या स्वस्त डब्याही मिळतात, त्या आठ तारा सेकंदाला २ कोटी ४० लाख वेळा पाहू शकतात. पण त्यांच्या पोटात साठवण जवळजवळ नसते, सर्व काही त्या कॉम्प्युटरकडे ढकलतात. मग कॉम्प्युटर बारा तास मागाशेजारी कापसाच्या धुळीत ठेवायचा. आम्ही एक दिवस तेही केले. शेजारच्या मागाची मोटर सुरू झाली की यूएसबीचा संबंध तुटे आणि नोंद तेथेच संपे.

इलाज निघाला तो आपल्याच दुकानातून. भाचा गल्ल्यावर बसला होता आणि माझा मुनीम रोजमेळ लिहीत होता. मुनीम काही दर मिनिटाला ‘गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही’ असे लिहीत नाही. कोणी आले, माल गेला, पैसे आले की वेळ टाकून एक ओळ लिहितो. दिवसभराचा रोजमेळ दोन पानांत संपतो, तरी कोणता व्यवहार कधी झाला यात कसूर नसते. डबी मात्र दर सेकंदाला १ लाख वेळा ‘काही बदल नाही’ असे लिहीत बसली होती. ही युक्ती नवी नाही, मोठ्या यंत्रांत ती फार पूर्वीपासून आहे. पण घरगुती डबीत ती आधी नव्हती, कारण डबीला नुसते पाहायचे नसते, मागच्या वेळेशी ताडून पाहायचे असते, आणि हे ताडणे पुढच्या नजरेच्या आत झाले पाहिजे. १ लाखाच्या वेगाला चिपला त्यासाठी भरपूर सवड मिळते.

नवी नोंद ४ बाइटची केली. एका बाइटमध्ये आठ तारांची स्थिती आणि तीन बाइटमध्ये मागच्या नोंदीपासून गेलेला वेळ. तीन बाइटमध्ये १ कोटी ६७ लाखांपर्यंत मोजता येते. सेकंदाच्या लाखाव्या भागाने मोजले तर सुमारे १६८ सेकंद झाले. तेवढ्या वेळात काहीच बदलले नाही, उदाहरणार्थ विणकर जेवायला गेला, तर डबी एक कोरी नोंद टाकून पुढे मोजू लागते. ही कोरी नोंद सुरुवातीला राहून गेली होती. पहिल्या दिवशी जेवणाची सुट्टी अडीच मिनिटांची दिसली आणि कारखानदार खूश झाला.

या मागावर एका पिकात सर्व तारांचे मिळून वीसच्या आसपास बदल होतात. सेकंदाला चार पिक, म्हणजे ८० बदल, म्हणजे ३२० बाइट. तीच २ लाख बाइटची वही आता दहा मिनिटे चालू लागली. एक पैशाचे सामान वाढले नाही.

निदान कागदावर तरी दहा मिनिटे. प्रत्यक्षात पहिल्याच खेपेस वही चार सेकंदांत भरली. वेफ्ट सेन्सरची तार धागा पळत असताना शांत ‘आहे’ न म्हणता थरथरत राही, एकेका पिकात हजारो वेळा आहे-नाही, आहे-नाही. फक्त बदल लिहिणाऱ्या डबीचे हेच दुखणे आहे. तारा शांत असतील तर तिच्यासारखी काटकसर कोणी करत नाही, आणि एक जरी तार बडबडी निघाली तर ती साध्या डबीहून जास्त उधळी, कारण एका बाइटच्या जागी ती चार खर्च करते. भाच्याने चाळणी लावली. कोणताही बदल एक मिलिसेकंद टिकला तरच तो खरा धरायचा. लगेच वही दहा मिनिटांवर आली आणि चित्र स्वच्छ दिसू लागले. ही स्वच्छता आम्हाला महाग पडली, ते पुढे येईलच.

दहा मिनिटांच्या वहीने पाळी कशी पकडायची? तर वही गोल करायची. शेवटचे पान भरले की पहिले पान पुसून त्यावर लिहायचे. डबीजवळ नेहमी गेलेली दहा मिनिटे शिल्लक. मागाच्या ब्रेकची तार बदलली, म्हणजे माग थांबला, की आणखी पाच सेकंद लिहून डबीने हात आखडायचे. खरे पाहता पुष्कळ दोषांसाठी एवढेच पुरे होते. अपघात झाल्यावर आपल्याला अपघाताच्या आधीचेच हवे असते.

तसे आम्ही तीन थांबे पकडले. भाचा ती नोंद पल्सव्ह्यू नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडतो, त्यात प्रत्येक तारेची एक ओळ दिसते आणि वेळ डावीकडून उजवीकडे धावतो. तो पहिल्या पिकापासून बघू लागला. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले, माझी नजर सवयीने उजव्या टोकाला गेली, जेथे माग थांबला होता, आणि तेथून मी मागे मागे वाचू लागलो. भाचा हसला, पण दोष शोधण्यास तीच दिशा बरोबर निघाली. मात्र तिन्ही नोंदींत सर्व काही ठीकठाक. शाफ्टची पल्स वेळेवर, धागा वेळेवर, आणि तरीही ब्रेक. जॉबर म्हणाला, नवे कार्डही खराब असेल. मला वाटले, डबीच निकामी आहे.

त्या रात्री भाच्याने चाळणी काढली. पूर्ण नाही, फक्त वेफ्ट सेन्सरच्या तारेला ती ठेवली आणि बाकीच्या सात तारा जशा आहेत तशा लिहायला लावल्या. एक मिलिसेकंदापेक्षा छोटे जे काही होते ते चाळणी गिळत होती, आणि आम्ही शोधत होतो तेच नेमके त्यात होते.

दुसऱ्या दिवशी थांब्याच्या अगदी आधीच्या पिकात शाफ्टची पल्स मध्येच तुटलेली दिसली. तूट अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी. या मागात शाफ्टवरची लोखंडी पट्टी प्रॉक्सिमिटी स्विचच्या समोरून जाते आणि पल्स निघते. पल्स आली की कार्ड सेन्सरला विचारते, धागा पळतोय का? पल्स तुटून पुन्हा आली की कार्डाला वाटते नवा पिक सुरू झाला, आणि ते पुन्हा विचारते. तोवर धागा पोचून स्थिर झालेला असतो, सेन्सर गप्प असतो, आणि कार्ड ब्रेक लावते. विणकराचे म्हणणे शब्दशः खरे होते.

पण दिवसाच का? या प्रश्नाला दहा मिनिटांची वही पुरणार नव्हती. म्हणून शेवटी मेमरी कार्ड जोडले. सेकंदाला ३२० बाइट, बारा तासांचे १ कोटी ३८ लाख. म्हणजे मोबाईलवरच्या चार-पाच फोटोंची जागा! ज्या कामाला ४३२ कोटी लागणार होते ते एवढ्यात बसले. चिपमध्ये दोन मेंदू आहेत, एकाने तारा बघायच्या, दुसऱ्याने कार्डावर लिहायचे, कारण कार्ड अधूनमधून पाव सेकंदापर्यंत ‘थांबा’ म्हणते आणि तेवढ्या वेळात तारांकडे पाठ फिरवून चालत नाही. ती गोल वही काढून टाकली नाही, दोघांच्या मध्ये धक्का झेलायला ठेवली. वीज जाण्याची भीती असल्यामुळे दर दहा मिनिटांनी फाईल बंद करून नवी उघडायची. पहिल्या दिवशी हे केले नव्हते. दुपारी वीज गेली आणि सकाळपासूनची सारी नोंद बुडाली. दहा मिनिटांच्या तुकड्यांचा आणखी एक फायदा म्हणजे जुन्या लॅपटॉपवरही ते उघडतात, अख्खी पाळी एकदम उघडू गेल्यास लॅपटॉप बसतो.

जोडणीविषयी कारागीर भावांना दोन शब्द. पिकोच्या पायांना ३.३ व्होल्टपेक्षा जास्त चालत नाही आणि मागावरचे सेन्सर २४ व्होल्टचे. सरळ जोडले तर पट्टी त्याच क्षणी जळेल. आम्ही प्रत्येक तारेला पीसी८१७ हा ऑप्टोकपलर लावला, त्यात दिव्याच्या उजेडाने निरोप पलीकडे जातो, मागाची वीज आणि डबीची वीज एकमेकींना शिवत नाहीत. आधी ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर लावला की तारेवर ५ मिलिअँपिअरचाच बोजा पडतो, मागाला त्याचा पत्ता लागत नाही. डबीला वीज मोबाईलच्या पॉवर बँकेतून द्यावी, मागाच्या पॅनेलमधून नव्हे. आणि मोटरच्या ४१५ व्होल्टच्या तारांजवळ हे सामान नेऊ नये. काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करून मगच पॅनेल उघडावे.

पूर्ण पाळीची नोंद आली तेव्हा भाच्याने छोटा प्रोग्राम लिहून प्रत्येक फेऱ्यात शाफ्टची पल्स किती वेळ टिकली त्याची रांग काढली. सकाळी सातला ती ३८ मिलिसेकंद. अकराला ३५. दुपारी दोनला २९, आणि तिच्यात तुटी पडू लागलेल्या. संध्याकाळनंतर पुन्हा वाढत गेलेली. हे उतरणे इतके हळू होते की दहा मिनिटांच्या कोणत्याही तुकड्यात ते दिसलेच नसते, बारा तास एका ओळीत ठेवले तेव्हा दिसले. प्रॉक्सिमिटी स्विचचा नट हादऱ्यांनी सैल होऊन स्विच पट्टीपासून मागे सरकला होता. आता तो जेमतेम पट्टी ओळखू शकत होता. अशा स्विचची ओळखण्याची हद्द उष्णतेनेही थोडी बदलते. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ऊन तापले की ती जेमतेमची हद्दही सुटे. रात्री शेड निवे आणि माग गुणी बनून चाले. रात्रपाळीच्या विणकराला त्या महिन्यात शाबासकी मिळाली होती, ती उन्हाची होती म्हणायची.

जॉबरने स्विच पुढे घेतला, दोन्ही नट आवळले, वर थेंबभर गोंद टाकला. काम पाच मिनिटांचे. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत पल्स सकाळी ४४ आणि दुपारी ४३ मिलिसेकंद आली. त्या दिवशी माग दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा धागा खरोखर तुटला होता.

डबीचा सारा खर्च मेमरी कार्डासकट हजार रुपयांच्या आत झाला, भाच्याची मेहनत सोडून. ती पंधरा रात्रींची होती आणि तिचे बिल त्याने अजून दिलेले नाही. अकरा ताक्यांची कपात मी कारखानदाराला परत केली. ती विणकरापर्यंत पोचली का हे विचारायला मी दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेस पोचली होती. सध्या डबी ११ नंबरच्या मागावर लटकते आहे. तो माग रात्री थांबतो.